गाणे कोणाचे?



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या स्मरणिकेसाठी मी दिवाळीच्या फराळावर लिहून देणार होते. चिटणीसबाईंना तसा शब्दही दिला होता. परंतु गेल्या श्रावणात मंडळाचे कपाट आवरायला घेतले, आणि अगदी खालच्या खणात जुन्या सतरंजीखाली पत्र्याचा एक डबा निघाला. डब्यात चौतीस कॅसेटी. कोजागरीची गाणी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे कार्यक्रम, गोकुळाष्टमीची कीर्तने. काहींवर नीट नाव-तारीख होती, काहींवर नुसते ‘गाणे’ एवढेच. दोन-तीन कॅसेटींना बुरशी धरली होती.

पुढच्या सभेत डबा सर्वांपुढे ठेवला. सगळ्यांनाच आनंद झाला. एक भगिनी म्हणाल्या, “हे सारे पेनड्राइव्हवर घालून घेऊ आणि महोत्सवात दोनशे रुपयांना एक असे विकू. इमारत निधीला तेवढाच हातभार.” दुसऱ्या म्हणाल्या, “विकायचे कशाला? फोनवरच्या आपल्या समूहावर टाकून देऊ, म्हणजे घरोघरी पोचेल.” दोघींचाही हेतू चांगला. मी मात्र गप्प बसले, कारण त्यांतली एक कॅसेट मी स्वतः भरलेली होती, आणि तिच्यापायी मी एकदा फार ओशाळी झाले आहे. ती हकीकत शेवटी सांगते. पण मैफलीतले गाणे भरून ठेवणे, ते एकमेकांना देणे, ह्याची मूळ गोष्ट काय आहे ती आधी पाहू. फराळ पुढच्या वर्षी.

पूर्वी गाणे गळ्यातून निघे आणि कानात जाई. मध्ये ठेवायला काही भांडेच नव्हते. म्हणून चीज ही घराण्याची ठेव. दागिन्यांसारखी ती जपायची. मुलाला किंवा गंडा बांधलेल्या शिष्याला द्यायची. परका कोणी ऐकून उचलील म्हणून बुवा आणि खाँसाहेब शब्द मुद्दाम अस्पष्ट म्हणत, असे जुने लोक सांगत. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी गावोगाव हिंडून अशा चिजा गोळा केल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून सर्वांना खुल्या केल्या. त्यासाठी त्यांनी फोनोग्राफ ह्या यंत्राचाही उपयोग केला. जयपूरकडील एका घराण्याच्या चिजा त्या घरच्या मुलांकडून त्यांनी यंत्रावर भरून घेतल्या, आणि वृद्ध वडिलांना ते कळले तेव्हा त्यांच्या मनाला फार लागले, असे सांगतात. आज घरी पेटीवर चीज काढणारी मुलगी भातखंड्यांचे उपकार मानते, आणि ते मानलेच पाहिजेत. पण त्या म्हाताऱ्या खाँसाहेबांचे दुःखही खोटे नव्हते. ह्या दोन गोष्टींची ओढाताण तेव्हापासून आजवर चालूच आहे.

ग्रामोफोन आला तेव्हा पुष्कळ मोठे गवई त्याला बिचकले. धीर केला तो आधी बायकांनी. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गेसबर्ग नावाच्या साहेबापुढे गौहरजान गायल्या. तबकडीच्या शेवटी त्या आपले नाव मोठ्याने सांगत. लोकांना ती नखऱ्याची गोष्ट वाटते. पण त्याचे कारण साधे होते. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हर शहरी. तिथल्या कामगारांना आपली भाषा कळेना, म्हणून कोणती तबकडी कोणाची हे त्यांना समजावे यासाठी गाणारीने नाव सांगायचे. हे नाव सांगणे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभराचा ख्याल त्यात कसा बसावा? समुद्राचे पाणी पंचपात्रीत भरावे तसेच ते. शिवाय कित्येकांचे तेवढेही राहिले नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. दोघेही एवढे थोर, पण त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. शिष्यांच्या गळ्यातून जो काय दिसेल तोच.

मग आली फीत. जर्मनीत १९३५ च्या सुमारास फितीवर आवाज भरण्याचे यंत्र निघाले, आणि आपल्याकडे पन्नास-साठच्या दशकांत हौशी, सधन घरांतून स्पूलचे टेपरेकॉर्डर दिसू लागले. बाराशे फूट फितीचे एक स्पूल पावणेचार इंच वेगाने फिरवले की एका बाजूला तासाभराहून थोडे अधिक गाणे बसे. इतिहासात प्रथमच सबंध ख्याल, आलापापासून द्रुतापर्यंत, पेटीत बंद होऊ लागला. आकाशवाणीवर १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम होऊ लागला. रेडिओसमोर टेप ठेवून, घरातल्या पोरांना गप्प बसवून लोक तो भरून घेत. पुण्यास १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू झाला, ठिकठिकाणी म्युझिक सर्कल होती, आणि दिवाणखान्यांतून खाजगी बैठका होत. त्या बैठकांत एका कोपऱ्यात यंत्र फिरत असे. कधी यजमानाने गवयाला विचारून ठेवलेले, कधी न विचारता, उशीआड.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ती आपल्याकडे घराघरांत आली. स्पूल ही श्रीमंतांची चैन; कॅसेट मात्र शिक्षकाला, कारकुनालाही परवडू लागली. नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यावी, पंचेचाळीस मिनिटांनी बाजू उलटावी. नेमकी तान रंगात आली की बाजू संपायची, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. मग “तुमच्याकडची अमुक बैठक मला द्या, माझ्याकडची तमुक मी तुम्हांला देतो” अशी देवघेव गावोगाव चालू झाली. अमीर खाँसाहेब १९७४ साली गेले. त्यांच्या तबकड्या मोजक्या. पण असे भरून ठेवलेले आणि हातोहात फिरलेले त्यांचे गाणे पुष्कळ आहे. दत्तात्रेय विष्णु पलुसकर १९५५ साली वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी गेले; अशा गायकाचा एकेक तुकडा म्हणजे सोने. कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे ह्यांच्या बैठकांची मोहिनी ज्यांनी त्या प्रत्यक्ष ऐकल्या नाहीत त्यांच्यापर्यंत पोचली, ती बरीचशी अशा फितींमुळेच. तेव्हा ह्या देवघेवीला सरसकट चोरी म्हणू लागलो तर ते कृतघ्नपणाचे होईल.

ह्या देवघेवीची एक रीत असे. ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती, पण चांगले लोक ती पाळत. विकायचे नाही, ही पहिली रीत. फितीला फीत, फार तर कोऱ्या कॅसेटची किंमत. वर नाव, राग, जागा, तारीख लिहायची, आणि तबला-पेटीच्या साथीदारांची नावे गाळायची नाहीत, ही दुसरी. गवयाने ‘हे बाहेर जाऊ देऊ नका’ म्हटले असेल तर ते घरातच ठेवायचे, ही तिसरी. आणि चौथी, कोणाकडून मिळाले ते सांगायचे. विरजण मागून आणतो तसेच हे. दिल्याने देणाऱ्याचे दही कमी होत नाही, पण कोणाच्या घरचे ते आपण विसरत नाही. फरक एवढाच की विरजणाने दही पुन्हा घट्ट होते. कॅसेटवरून कॅसेट मात्र पाणी घातलेल्या ताकासारखी पातळ होत जाते. चौथ्या-पाचव्या हाताला गाण्यापेक्षा खरखरच जास्त.

ही रीत काही आपल्याच देशाची नाही. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा एक वाद्यवृंद होता. त्यांचे श्रोते कार्यक्रमाला यंत्रे घेऊन येत. त्या मंडळींनी श्रोत्यांना हाकलले नाही; उलट १९८४ साली भरून घेणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली. अट एकच, आपसांत द्या-घ्या, पण विकू नका. तो वाद्यवृंद लहान झाला नाही, उलट त्याचे चाहते वाढले. पण तिथे आधी परवानगी होती, हे विसरू नये. यंत्र उशीआड नव्हते, समोर होते.

आपल्याकडे परवानगीच्या बाबतीत फार कडक म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या, जन्म १८९२ चा, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. आपले गाणे कोणी चोरून भरून नेईल ह्याबद्दल त्या फार सावध असत, असे जाणकार सांगत आले आहेत. कोणी त्याला तोरा म्हणत. मला तसे वाटत नाही. वर्षानुवर्षे गुरूपुढे बसून जे मिळवले ते कोणाला, केव्हा आणि कसे द्यायचे हे ठरवण्याचा हक्क बाईने राखून ठेवला, एवढेच. आणि नवल पाहा. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली, त्यांत पृथ्वीवरचे संगीत म्हणून एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. त्या तबकडीवर भारतातर्फे एकच गाणे आहे, केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला बाई निवर्तल्या. आज त्यांचा आवाज सूर्यमालेच्या पलीकडे चालला आहे. पण ती भैरवी त्यांनी स्वतः होऊन तबकडीसाठी गायिलेली होती, कोणाच्या उशीआडची नव्हती.

आता कायद्याचे पाहू. आपल्या एका सभासद भगिनींच्या सूनबाई वकील आहेत. त्यांनी एका दुपारी बसून मला सगळे वाचून दाखवले आणि समजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितले.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात गीत लिहिणाऱ्याला हक्क होता, चाल लावणाऱ्याला होता, तबकडी काढणाऱ्या कंपनीला होता. जिने ते गाणे गायिले तिला मात्र काहीच नव्हता! १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सिनेमाच्या गाण्यांचा एक खटला आला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी निकालपत्रात खंत व्यक्त केली की, आपल्या देशात गाण्याचा प्राण गाणाऱ्यात असतो आणि त्याच गाणाऱ्याला कायदा ओळखत नाही. तरीही बदल व्हायला पुढे सतरा वर्षे लागली. १९९४ साली दुरुस्ती झाली, १० मे १९९५ पासून ती लागू झाली, आणि ‘कलावंताचा हक्क’ कायद्यात आला. कलावंत कोणाला म्हणायचे ह्याची यादी त्यात आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरती करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारासुद्धा. गारुड्याचे नाव वाचून मला फार बरे वाटले. रस्त्यावर पुंगी वाजवणाऱ्यालाही कायद्याने गवयाच्या पंक्तीला बसवले. अर्थात आपले कीर्तनकार आणि तबल्याची साथ करणारेही त्यात आलेच.

ह्या कायद्याने आपल्याला काय सांगितले ते थोडक्यात असे. मैफल भरून घ्यायची, त्याच्या प्रती काढून वाटायच्या, विकायच्या, हे सारे कलावंताच्या संमतीने. मात्र भरून घेणाराने केवळ स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, किंवा खरोखरच्या शिक्षणासाठी वा अभ्यासासाठी भरले तर त्यात गुन्हा नाही. हा हक्क आधी पंचवीस वर्षांचा होता, पुढे पन्नास वर्षांचा झाला, आणि गाणे झाले त्याच्या पुढल्या वर्षाच्या आरंभापासून तो मोजतात. म्हणजे २००३ च्या कोजागरीचे गाणे २०५३ साल संपेपर्यंत गाणाऱ्याचे. २०१२ साली आणखी एक गोष्ट आली. गाण्याला आपले नाव लागावे आणि आपल्या गाण्याची मोडतोड करून आपली अब्रू घालवू नये, हे म्हणण्याचा हक्क कलावंताला मिळाला. गौहरजान शेवटी नाव सांगत असत, त्याची मला आठवण झाली. जे कामगारांच्या सोयीसाठी होते, ते एकशेदहा वर्षांनी हक्क म्हणून कायद्यात आले.

शिक्षाही लहान नाही. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी केले नसेल तर न्यायाधीश सबळ कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतात, एवढी सवड आहे. भावगीत असेल तर त्यात कवीचा आणि चाल लावणाऱ्याचाही वाटा असतो, आणि तो त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. भगिनींनी घाबरून जाऊ नये. आपण हळदीकुंकवाला तिकीट न लावता हौसेने गाणी म्हणतो, त्याला कायद्यात मोकळीक आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्याच्या गळ्यातले भरून वाटण्याचा.

आता माझी हकीकत. २००३ सालच्या कोजागरीला आपल्या मंडळात एक बाई गायल्या होत्या. जुन्या सभासदांना त्या आठवत असतील. मुलींना गाणे शिकवून त्यांनी संसार केला. मोठ्या नावाच्या नव्हत्या, पण गाणे खरे होते. त्या दिवशी त्यांना पडसे झाले होते. तरीही शब्द दिला म्हणून आल्या. मी घरचा टेपरेकॉर्डर नेला होता. विचारले, “भरून घेऊ का?” त्या म्हणाल्या, “घ्या, पण मंडळापुरते ठेवा हो. आज घसा बरा नाही.” मी हो म्हटले. तंबोऱ्यामागे यंत्र ठेवले. बागेश्री फार सुंदर झाला. वरच्या षड्जावर दोनदा आवाज फाटला, मध्ये खोकला आला, आणि तबलजींनी तो खोकला संपेपर्यंत असा काही ठेका धरून ठेवला की ऐकणाऱ्यांना तो विसावाच वाटावा.

आठ वर्षांनी घरी आलेल्या एका नातलगांनी ती कॅसेट ऐकली आणि प्रत मागितली. त्यांना गाण्याची खरी आवड. मी “कुणाला देऊ नका हं” असे बजावून दिली. त्यांनीही पुढे कोणाला तरी तसेच बजावून दिली असेल. २०१९ साली एका सकाळी माझ्याच फोनवर कोणीतरी ‘ऐका, दुर्मिळ’ म्हणून एक गाणे पाठवले. लावले, तर तोच खोकला. वर नाव दुसऱ्याच गायिकेचे. तबलजींचे नाव तर नाहीच. आणि खाली परक्या माणसांचे शेरे: आवाज फाटला, वय झाले, ह्यांनी आता थांबावे.

दोन दिवस मला जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेले. त्या थकल्या होत्या. मी सर्व सांगितले, पाया पडले. त्यांना आधीच समजले होते. एका शिष्येने ऐकवले होते. त्या रागावल्या नाहीत, ते मला अधिक जड गेले. म्हणाल्या, “गाणे लोकांनी ऐकले ह्याचे वाईट कशाला वाटेल? गाणे ऐकण्यासाठीच असते. पण चाळीस वर्षे गायले, त्यातला पडशाचा एक दिवस तेवढा जगात राहिला, आणि तोही माझ्या नावाने नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि त्या तबलजींनी मला किती सांभाळून घेतले, ते कोणालाच कळणार नाही.”

कायद्याने पाहिले तर मी मंडळापुरते भरले ते त्यांच्या संमतीने. नातलगांना प्रत दिली तिथे माझी चूक झाली. रीतीने पाहिले तर मी शब्द मोडला. दोन्हींचे उत्तर एकच निघते. कायदा शिकायला मला दुपार लागली, पण त्या बाईंनी २००३ सालीच तो एका वाक्यात सांगितला होता.

म्हणून डब्याबद्दल माझे म्हणणे मी सभेत मांडले ते इथे लिहून ठेवते. कॅसेटी नव्या यंत्रावर उतरवून घ्याव्यात, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात बुरशी सगळेच खाईल. विकू नयेत, आणि विचारल्याशिवाय समूहावरही टाकू नयेत. एक वही करावी. प्रत्येक कॅसेटपुढे गाणाऱ्याचे, साथीदारांचे नाव, जागा, तारीख लिहावी. ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगावे. कलावंत हयात असतील तर त्यांना, नसतील तर त्यांच्या मुलाबाळांना पत्र लिहून विचारावे: ऐकवू का? कोणाला ऐकवू? प्रत देऊ का? जे उत्तर येईल ते वहीत चिकटवावे. नाही म्हणाले तर नाही. आणि हो म्हणाले तर पहिली प्रत त्यांच्याच घरी पोचवावी. कित्येकांजवळ आपल्याच गाण्याची प्रत नसते.

सभेने हे मान्य केले. चौतीसपैकी एकोणीस कॅसेटींची नावे लागली, अकरा पत्रांची उत्तरे आली. दहा होकार, एक नकार. नकाराची कॅसेट आम्ही त्या घरी नेऊन दिली.

पहिले पत्र मी बागेश्रीच्या बाईंना लिहिले होते. उत्तर त्यांच्या नातीने लिहून पाठवले, खाली सही बाईंची. महोत्सवाच्या दिवशी सभागृहात ऐकवायला त्यांची परवानगी आहे, प्रत बाहेर द्यायची नाही. दोन अटी: आरंभी तबलजींचे नाव मोठ्याने घ्यावे, आणि त्या दिवशी गाणारीला पडसे होते हे सांगावे.

ते सांगण्याचे काम मी मागून घेतले आहे. भगिनींनी वेळेवर यावे. बागेश्री बरोबर सहा वाजता लावू.